झेटा की अल्फा? नागपूर ते सिरोंचा, दोन जिम्नी आणि चार दिवस

मारुतीची जिम्नी, म्हणजे छोटी चार-बाय-चार (चारही चाकांना ताकद देणारी) गाडी, घ्यायची हे ठरलेला माणूस पुढच्याच मिनिटाला अडकतो तो इथे: खालचं व्हेरियंट झेटा की वरचं अल्फा? मी दोन वर्षांपूर्वी झेटा मॅन्युअल घेतली. माझ्या भाऊजींनी सहा महिन्यांनी अल्फा ऑटोमॅटिक घेतली. तेव्हापासून घरी जेवायला बसलो की हा विषय निघतोच. शेवटी ताईच म्हणाली, "दोन्ही गाड्या घेऊन एकदा खराब रस्त्यावर जा, मग बोला." म्हणून जानेवारीत दोन्ही गाड्या घेऊन आम्ही चौघे गडचिरोलीच्या दक्षिण टोकाला जाऊन आलो. नऊशेच्या वर किलोमीटर झाले. त्या वाटेने जाणाऱ्यांसाठी आणि गाडी निवडणाऱ्यांसाठी हे सगळं लिहून ठेवतोय.

आधी पैशाचं. जून 2023 मध्ये गाडी आली तेव्हा मॅन्युअल झेटाची एक्स-शोरूम किंमत 12.74 लाख होती आणि मॅन्युअल अल्फाची 13.69 लाख. म्हणजे फरक 95 हजारांचा. ऑटोमॅटिकसाठी दोन्हींत आणखी 1.20 लाख. किमती नंतर हलल्या आहेत, शोरूममध्ये विचारून घ्या, पण डोक्यात हा 95 हजारांचा आकडा ठेवा, कारण पुढचा सगळा हिशेब त्याच्याभोवती फिरतो.

या पैशात अल्फामध्ये काय मिळतं? अलॉय व्हील (झेटाच्या रिम लोखंडी), एलईडी हेडलाइट (झेटाला हॅलोजन), ते धुणारे फवारे, फॉग लॅम्प, मोठी 9 इंची स्क्रीन, क्रूझ कंट्रोल, ऑटो एसी, बटण स्टार्ट. काय मिळत नाही? जमिनीशी संबंध असलेलं काहीच नाही. इंजिन तेच, 1.5 लिटर पेट्रोल. लो गिअर (हळू, पण जास्त ताकदीने चालवणारा) असलेली चार-बाय-चार तीच. 210 मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीच्या पोटाची जमिनीपासूनची उंची, तोच, हवेत फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून ताकद दुसरीकडे पाठवणारी यंत्रणा तीच. सहा एअरबॅग, चढावर गाडी मागे न सरकू देणारं हिल होल्ड आणि उतारावर वेग आवरणारं हिल डिसेंट दोन्हींत आहेत. टायरचं मापही एकच, 195/80 आर 15 (मिलिमीटरमध्ये रुंदी, भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के, आणि इंचांत रिमचा व्यास). ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण सगळ्या गाड्यांत असं नसतं. 2020 च्या महिंद्रा थारमध्ये खालच्या एएक्स ऑप्शनला 245/75 आर 16 टायर होते आणि वरच्या एलएक्सला 255/65 आर 18. आकडेमोड करून बघा: खालच्या व्हेरियंटच्या टायरची भिंत 184 मिलिमीटर भरते, वरच्याची 166. दगडगोट्यांत ज्याची भिंत उंच तो टायर सुखी. थार रॉक्सचा प्रश्न आणखी वेगळा, तिथे चार-बाय-चार फक्त डिझेलमध्ये आणि तेही ठरावीक व्हेरियंटमध्येच मिळते. म्हणून कुठलीही गाडी घेताना यादीतली स्क्रीन, सनरूफ, सीटचं कापड हे नंतर वाचा. आधी टायरचं माप, लो गिअर आणि डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणारा भाग) कुठल्या व्हेरियंटला आहे ते शोधा.

आता वाट. दिघोरी नाक्यावर पहाटे साडेपाचला तर्री पोहे खाऊन निघालो. उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी, मग वैनगंगा ओलांडून आरमोरी आणि गडचिरोली. हा सगळा रस्ता चांगला आहे, इथे दोन्ही गाड्या सारख्याच. ऑटोमॅटिक फक्त चार गिअरची आहे, त्यामुळे ट्रकला ओव्हरटेक करताना इंजिन ओरडतं. भाऊजींना मोकळा रस्ता दिसेपर्यंत थांबावं लागत होतं. धानपट्ट्यातली कापणी उरकलेली होती आणि प्रत्येक गावाच्या चौकात झाडीपट्टीच्या नाटकांची पोस्टरं. वेळ असेल तर एखाद्या गावात रात्री थांबून नाटक नक्की बघा.

चामोर्शीजवळ मार्कंड्याला अर्धा तास थांबलो. वैनगंगा इथे उत्तरेकडे वाहते आणि काठावर दगडी मंदिरांचा समूह आहे. आष्टीच्या पुढे मात्र रंग बदलतो. लोहखनिजाचे ट्रक एकामागून एक, आणि लाल धूळ. एसी आतल्या हवेवर ठेवा, पुढच्या गाडीपासून शंभर-दीडशे मीटर मागे राहा. आलापल्लीला संध्याकाळी पोचलो. पेट्रोल इथेच भरायचं, टाकी काठोकाठ. जिम्नीची टाकी 40 लिटरची आहे. माझ्या मॅन्युअलने या प्रवासात लिटरला तेरा दिले, भाऊजींच्या ऑटोमॅटिकने साडेअकरा. म्हणजे आलापल्ली-भामरागड जाऊन-येऊन आणि नंतर सिरोंचा एका टाकीत आरामात होतं. पेट्रोलच्या प्लास्टिकच्या कॅन गाडीत ठेवू नका.

दुसऱ्या दिवशी भामरागड, साधारण 65 किलोमीटर. वाटेत 'ग्लोरी ऑफ आलापल्ली' लागतं, सागाच्या जुन्या झाडांचं 6 हेक्टरचं जपलेलं जंगल. गाडी रस्त्यावर ठेवून पायी आत जा. हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प आहे, बाबा आमटे यांनी 1973 मध्ये सुरू केलेला, प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांनी आयुष्य दिलेला. तिथे दवाखाना आणि शाळा चालते, हे लक्षात ठेवून जा. भेटीची वेळ आधी विचारा आणि रुग्णांचे फोटो काढू नका. पुढे भामरागडला इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्यांचा संगम. पावसाळ्यात पर्लकोटा पुलावरून वाहते आणि गाव तुटतं, तेव्हा जून ते सप्टेंबर हा बेत नको.

संगमाच्या वाटेवरून परतताना एका नाल्यात उतरलो. ट्रॅक्टरने चाकोरी पाडलेली होती, पण ती जिम्नीपेक्षा रुंद. एका बाजूचं पुढचं आणि दुसऱ्या बाजूचं मागचं चाक हवेत आलं. थांबून क्लच दाबला, छोटा दांडा 4 एल वर, म्हणजे लो गिअरवर घेतला, पहिल्या गिअरवर हळूच सोडली. हवेतलं चाक दोन सेकंद फिरलं, खालून कटकट आवाज आला, ब्रेकने ते धरलं आणि गाडी चढली. मागून भाऊजींची अल्फा अगदी तशीच, त्याच जागी, तोच आवाज करत चढली. मी काठावर उभा राहून बघत होतो. 95 हजारांचा फरक त्या नाल्यात शून्य होता.

ऑटोमॅटिकबद्दल मात्र माझं मत तिथे बदललं. उतारावर मॅन्युअलचा पहिला लो गिअर गाडीला घट्ट धरून ठेवतो, ऑटोमॅटिक तितकी धरत नाही, हिल डिसेंट लावावं लागतं. पण नंतर प्राणहिता नदीच्या काठच्या मऊ वाळूत भाऊजी निवांत होते आणि मला क्लचचा वास येत होता. ज्याला वाळू नवी आहे त्याने ऑटोमॅटिक घ्यायला हरकत नाही.

आलापल्लीत परतताना डांबराच्या तुटक्या कडेवर माझं पुढचं डावं चाक आपटलं. मुक्कामी पोचलो तोवर टायर बसलेला. सकाळी पंक्चरवाल्याने चाक काढलं, रिमची कड दोन बोटं आत गेलेली. "काहून घाबरून रायले भाऊ, लोखंडी हाय," म्हणाला. लाकडाचा ठोकळा लावून हातोड्याने वीस मिनिटांत कड सरळ केली, साबणाचं पाणी टाकून बुडबुडे पाहिले, चाक चढवलं. नागपूरला येऊन बॅलन्सिंग करून घेतलं, बस्स.

त्याच दिवशी आलापल्ली-सिरोंचा रस्त्यावर, म्हणजे साधारण 100 किलोमीटरच्या त्या पट्ट्यात, भाऊजींचं चाक तसंच आपटलं. हा रस्ता काही ठिकाणी फोडलेला, काही ठिकाणी नुसती गिट्टी. अलॉय वाकलं नाही, त्याला केसाएवढी चीर गेली. दर तासाला हवा कमी. सिरोंच्यात ते दुरुस्त होणार नव्हतं आणि चिरलेलं अलॉय जोडून लांबच्या प्रवासाला वापरूही नये. स्टेपनी चढवली आणि उरलेला सगळा प्रवास स्टेपनीशिवाय केला. त्या रात्री भाऊजींना नीट झोप लागली नाही. ज्यांच्याकडे अल्फा आहे आणि ज्यांना या वाटा करायच्या आहेत, त्यांनी पाच लोखंडी रिम वेगळ्या घ्याव्यात असं मी मनापासून सांगतो. अलॉय शहरासाठी ठेवा.

इथवर वाचून वाटेल की झेटाच बरी. मलाही तिसऱ्या दिवसाच्या दुपारपर्यंत तसंच वाटत होतं. पण रिमच्या दुरुस्तीत सकाळ गेली, कमलापूरचा हत्ती कॅम्प बघायला आत वळलो (राज्यातला एकमेव शासकीय हत्ती कॅम्प आहे, चुकवू नका), वडधमच्या जीवाश्म उद्यानात ज्युरासिक काळातली दगड झालेली खोडं बघत बसलो, आणि सिरोंच्याच्या अलीकडे अंधार पडला. समोरून ट्रक, हवेत धूळ, रस्त्यावर खड्डे आणि मधेच बसलेली गुरं. माझ्या हॅलोजनचा पिवळा झोत धुळीत विरून जात होता. खड्डा दिसायचा तेव्हा चाक त्यात असायचं. शेवटी भाऊजींना पुढे घेतलं आणि त्यांच्या उजेडात, त्यांच्या टेललाइटवर डोळा ठेवून गाडी चालवली. अल्फाचे एलईडी आणि खालचे फॉग लॅम्प धुळीखालची जमीन दाखवत होते. फवाऱ्यांनी काच धुतली की झोत पुन्हा स्वच्छ. ताई माझ्या शेजारी बसली होती. ती म्हणाली, "हे घ्यायचं होतंस रे." तिचं बरोबर होतं.

या भागात अंधार पडल्यावर गाडी चालवायचीच नाही, हा पहिला नियम आहे आणि तो आम्ही मोडला. ठिकठिकाणी पोलिसांचे कॅम्प आणि तपासणी आहे. ओळखपत्र हाताशी ठेवा, कॅम्पचे फोटो काढू नका, कुठे चाललात ते सरळ सांगा. चार वाजता मुक्कामी पोचता येईल असाच दिवस आखा. पण विदर्भातला माणूस घरी परतताना रात्री गाडी चालवतोच, उमरेड रोडला जानेवारीचं धुकं असतंच. झेटा घेणाऱ्याने वाचलेल्या पैशातून पहिला खर्च चांगल्या फॉग लॅम्पवर करावा, वेगळ्या रिलेवर (स्वतंत्र वायरिंगच्या स्विचवर), झोत खाली नीट जुळवून. हॅलोजनच्या दिव्यात बाजारातला एलईडी बल्ब कोंबू नका. त्याचा झोत पसरतो, तुम्हाला रस्ता दिसत नाही आणि समोरच्याचे डोळे जातात.

दुसरा खर्च टायर. बरेच जण 215/75 आर 15 चे ऑल-टेरेन घालतात. व्यास सेंटिमीटरभर वाढतो, म्हणजे क्लिअरन्स पाच मिलिमीटरच. खरा फायदा जाड भिंतीचा. आमच्या दोन्ही गाड्यांना कंपनीचेच टायर होते आणि वाळूत हवेचा दाब 18 पीएसआयपर्यंत उतरवल्यावर त्यांनीही काम केलं. बाहेर आल्यावर हवा भरायला 12 व्होल्टचा कॉम्प्रेसर लागतोच, तो दोन गाड्यांत मिळून एक चालतो. मऊ जमिनीत जॅक खाली धसतो, म्हणून फूटभर लांब-रुंद जाड प्लायचा तुकडा सोबत ठेवा. आणि कोरड्या डांबरावर चार-बाय-चार लावून ठेवू नका. पुढची-मागची चाकं एकमेकांना ओढतात, वळणावर गाडी अडखळते.

सामानाबाबत जिम्नी दोन्ही रूपांत तितकीच अरुंद. सीट उभ्या असताना डिकी 208 लिटरची. एका गाडीत दोघे आणि मागची सीट पाडलेली, हेच गणित जमतं. चार माणसं, तंबू, पाणी, स्वयंपाक असं सगळं एका जिम्नीत घालाल तर गाडी वजनाच्या मर्यादेला टेकते, आणि छतावर चढवाल तर वळणावर डोलते. पुढच्या सीटचे हेडरेस्ट काढून पाठ मागे पाडली की मागच्या सीटला जुळते. एक रात्र आम्ही तसे झोपलो. उंची साडेपाच फुटांच्या आत असेल तर जमतं, भाऊजींना जमलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी सहाला सिरोंचा सोडलं. आलापल्लीत चहा, गडचिरोलीत जेवण, उजेडातच दिघोरी. दुसऱ्या दिवशी दोन्ही गाड्यांचे एअर फिल्टर उघडले, विटेच्या भुकटीसारखी माती निघाली. तुम्हीही आल्या-आल्या उघडा. भाऊजींनी जुन्या बाजारातून पाच लोखंडी रिम उचलल्या. मी फॉग लॅम्प लावून घेतले. माझा भाचा मार्चमध्ये गाडी बुक करतोय, त्याला मी झेटा ऑटोमॅटिक सांगितली आहे, ताईने अल्फा.