ढगातून पडलेले मणी

आमच्या घरात मंगळसूत्र तुटत नसे, ते वाढत असे. बांगडी फुटत नसे, तीही वाढत असे. सौभाग्याच्या वस्तूंना अशुभ क्रियापदे लावायची नाहीत हा आजीचा दंडक होता आणि मराठी भाषेने त्या कामी तिला चोख साथ दिली होती. पोत वाढली की मात्र सगळे घर गुडघ्यांवर येई. सोन्याच्या वाट्या लगोलग सापडत. काळे मणी फरशीच्या सांध्यांत, कपाटाखाली, उंबऱ्याच्या फटीत शिरत आणि पुढची दोन-तीन वर्षे एखाद्या सकाळी केरसुणीच्या टोकाशी एकेक करून हजर होत. असा मणी सापडला की आजी त्यावर फुंकर मारी आणि पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवून देई.

मणी असे उशिराने परत येतात, ही गोष्ट एका रशियन बखरकाराने नऊशे वर्षांपूर्वी लिहून ठेवली आहे, हे मला बऱ्याच उशिरा कळले. तेव्हापासून, त्याने जिथली ही गोष्ट लिहिली त्या रशियातल्या स्ताराया लादोगा या खेड्याविषयी हाती लागेल ते वाचण्याचा छंद मला जडला आहे. मी तिथे गेलेलो नाही. पण नकाशावर ते गाव इतक्या वेळा पाहिले आहे, की वोल्खोव नदीच्या काठाने घाटापासून चर्चपर्यंत मला न विचारता जाता येईल असा माझा समज आहे.

सेंट पीटर्सबर्गपासून पूर्वेला सुमारे सव्वाशे किलोमीटरवर, वोल्खोवच्या डाव्या तीरावर हे गाव वसलेले आहे. वस्ती दोन हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या मध्यम ग्रामपंचायतीएवढी. वोल्खोव इल्मेन सरोवरातून निघते आणि उत्तरेकडे वाहत जाऊन लादोगा सरोवराला मिळते. त्या मुखाच्या अलीकडे दहा-बारा किलोमीटरवर, लादोझ्का नावाचा एक ओढा तिला येऊन मिळतो त्या बेचक्यात, दगडी किल्ला उभा आहे. किल्ला तिथेच का, याचे उत्तर नदी देते. बाल्टिक समुद्रातून नेवा नदीने आत शिरलेली जहाजे लादोगा सरोवर ओलांडून इथवर निर्धास्त येत. पण गावाच्या वरच्या अंगाला वोल्खोवचे पात्र खडकाळ आणि खळाळाचे होते, समुद्री जहाजाचे तिथे काही चालत नसे. माल उतरवायचा, सपाट बुडाच्या होड्यांत भरायचा आणि मग पुढे नदीच्या वरच्या अंगाच्या नोवगोरोद शहराकडे, तिथून नीपरच्या वाटेने काळ्या समुद्राकडे किंवा व्होल्गाच्या वाटेने कास्पियनकडे निघायचे. जिथे माल उतरतो तिथे हमाल, लोहार, खानावळवाले आणि दलाल जमतात आणि बघता बघता बाजारपेठ होते. ते खळाळ आता दिसत नाहीत. १९२६ साली वरच्या बाजूला वोल्खोवचे जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि धरणाच्या फुगवट्याखाली ते बुडाले.

आता त्या बखरीकडे वळतो. रशियन लोक तिला ‘लेतोपिस’ म्हणतात; ‘लेतो’ म्हणजे उन्हाळा, आणि जुन्या भाषेत वर्षही, म्हणून लेतोपिस म्हणजे वर्षावर्षाचे टिपण. १११४ सालच्या टिपणात बखरकार आधी सांगतो, की पावेल नावाच्या कारभाऱ्याने लादोगाचा दगडी कोट बांधायला घेतला. इतके राजकारण उरकल्यावर तो एकदम लहान मुलांकडे वळतो. मी लादोगाला आलो, तो लिहितो, तेव्हा तिथल्या लोकांनी मला सांगितले, की मोठा ढग येऊन गेला की आमच्या पोरांना काचेचे डोळे सापडतात, लहान आणि मोठे, भोक पाडलेले. आणि काही वोल्खोवच्या काठाला, पाणी बाहेर फेकते तिथे मिळतात. त्यांतले शंभराहून अधिक आपण घेतले, असेही तो प्रामाणिकपणे नोंदवतो. पोरांनी गोळा केलेले मणी या मोठ्या माणसाने कशाच्या बदल्यात घेतले, हा प्रश्न मला उगाच छळतो. माझा अंदाज, नुसत्या अधिकाराच्या जोरावर.

त्याला नवल वाटलेले पाहून लादोगाकरांना चेव आला असावा. हे काहीच नाही, ते म्हणाले, उत्तरेकडे पार पलीकडच्या मुलखात तर ढगातून नुकत्याच जन्मलेल्या खारी पडतात, मोठ्या होतात आणि पृथ्वीवर पांगतात. दुसऱ्या ढगातून हरणाची पाडसे पडतात. बखरकाराने हे सारे उतरवून घेतले आणि कोणी अविश्वास दाखवू नये म्हणून साक्षीदारही दिले: कारभारी पावेल आणि समस्त लादोगाकर. पारावरच्या गप्पा सरकारी कागदात इतक्या बिनचूकपणे गेल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही.

मणी अर्थातच ढगातून पडलेले नव्हते. आपल्याकडे जुन्या वस्तीच्या जागी साचलेल्या मातीला पांढर म्हणतात. मराठवाड्यातल्या तेरला अशी पांढर आहे. तिथे रामलिंगप्पा लामतुरे यांनी जन्मभर जुन्या वस्तू वेचून जमवल्या आणि त्या संग्रहातून पुढे सरकारी संग्रहालय उभे राहिले. लादोगालाही तेच घडत होते, फक्त तिथली पांढर काळी आहे. लाकडाच्या ढलप्या, शेण आणि ओलसर माती यांचा काही मीटर जाडीचा थर किल्ल्याशेजारच्या टेकाडात साचला आहे. या ओलीमुळे तिथे लाकूड कुजले नाही. घरांच्या तुळया वलये मोजता येतील इतक्या शाबूत निघाल्या आणि त्यांतली सर्वांत जुनी झाडे ७५३ साली तोडलेली असल्याचे त्या वलयांवरून कळले. गावाची जन्मतारीख म्हणून आज तेच साल धरतात. २००३ मध्ये साडेबाराशेवा वाढदिवसही थाटात झाला. मोठा पाऊस झाला की हा थर धुपे आणि आठव्या-नवव्या शतकात कोणाची तरी पोत वाढून मातीत गेलेले मणी बाराव्या शतकातल्या पोरांच्या हाती लागत. बखरकार आला तेव्हाच ते तीनशे वर्षांचे जुने होते.

आणि हे मणी म्हणजे किरकोळ वस्तू नव्हती. त्यांतले कितीतरी निळे, हिरवे, पिवळे, अंगावर डोळ्यासारखी वर्तुळे असलेले. त्यांना ‘ग्लाझ्की’ म्हणजे ‘छोटे डोळे’ म्हणतात ते त्यामुळेच. अरब जगातून काचेचे मणी आणि चांदीची दिरहम नाणी वर जात आणि उत्तरेच्या जंगलातली केसाळ कातडी खाली येत. इब्न फदलान हा बगदादचा राजदूत ९२२ साली व्होल्गाकाठी पोहोचला, तेव्हा त्याला या नदीवाटांनी फिरणारे रूस नावाचे व्यापारी भेटले. बायकांच्या माळांसाठी ते हिरव्या मण्याला एकेक दिरहम मोजतात, हे त्याने मुद्दाम लिहून ठेवले आहे. त्याच काळातला अल मसूदी हा आणखी मोठा फिरस्ता. त्याच्या ग्रंथात रूस लोकांनी कास्पियन समुद्रावर घातलेल्या धाडीची हकीकत आहे, आणि त्याच ग्रंथात ९१६ च्या सुमारास तो स्वतः सैमूरला, म्हणजे आपल्या अलिबागजवळच्या चौलला, आल्याचेही नमूद आहे. चौलच्या खाडीतले गलबत आणि वोल्खोवच्या काठावरची होडी एकाच माणसाच्या दौतीतून उतरावी, याची मला फार गंमत वाटते.

या भरभराटीच्या काळात गावाला मानही मोठा होता. रशियाच्या पहिल्या राजवंशाचा मूळपुरुष रुरिक ८६२ साली प्रथम लादोगातच बसला, असे बखरीच्या एका प्रतीत आहे. दुसऱ्या परंपरेत तो मान नोवगोरोदला जातो आणि दोन्हीकडचे अभिमानी अजून हार मानत नाहीत. रुरिकनंतर गादीवर आलेला ओलेग राजा साप चावून मेला, तोही आपल्याच मेलेल्या घोड्याच्या कवटीतून निघालेला. त्याची कबर गावाबाहेरच्या उंच मातीच्या टेकाडात दाखवतात आणि कीव्हमध्येही दाखवतात. मला यांत सर्वांत आवडते ती इंगेगेर्द. ही स्वीडनची राजकन्या १०१९ साली यारोस्लाव राजाला दिली, तेव्हा तिने लादोगा शहर आणि भोवतालचा मुलूख स्वतःसाठी मागून घेतला, असे उत्तरेकडच्या सागा, म्हणजे जुन्या वीरकथा, सांगतात. स्त्रीधन म्हणून पाटल्या-बिलवर नव्हे, अख्खे बंदर.

मग हे शहर १७०४ मध्ये वाढले, आजीच्या अर्थाने. रशियाचा झार पीटर द ग्रेट याला स्वीडनशी लढण्यासाठी थेट सरोवराच्या तोंडाशी ठाणे हवे होते. त्याने नदीच्या मुखावर नोवाया, म्हणजे नवी, लादोगा वसवली, रहिवाशांना तिकडे हलवले, शहराचा दर्जा काढून घेतला आणि साडेनऊशे वर्षे नुसत्या ‘लादोगा’ या नावाने नांदलेल्या गावाला ‘स्ताराया’, म्हणजे ‘जुनी’, हे विशेषण कायमचे चिकटले. जुन्या गावी त्याने पुढे एकच महत्त्वाचे माणूस पाठवले: १७१८ साली आपली टाकलेली पहिली बायको येव्दोकिया. तिला इथल्या उस्पेन्स्की मठात सात वर्षे पहाऱ्यात ठेवले होते. नको झालेल्या गोष्टी ठेवायला लादोगा, असा त्याचा एकूण हिशेब दिसतो.

रशियन भाषेत खेड्याला दोन शब्द आहेत. चर्च असलेले ते ‘सेलो’ आणि नसलेली ती ‘देरेव्न्या’. स्ताराया लादोगा हे सेलो, आणि चर्चच्या बाबतीत तर सधन सेलो. किल्ल्याच्या आत बाराव्या शतकातले सेंट जॉर्जचे पांढरे, एका घुमटाचे लहानसे चर्च आहे. त्याच्या भिंतीवरच्या चित्रात संत घोड्यावर बसून निघाला आहे. पण एरवी सगळीकडे तो भाल्याने सर्प भोसकतो, तसे इथे काही नाही. राजकन्या पुढे चालते आहे आणि कमरपट्ट्याने बांधलेला तो भयंकर सर्प बाजारातून आणलेल्या शेळीसारखा निमूट तिच्यामागे येतो आहे. गावातल्या वार्याझ्स्काया रस्त्याचे नाव १५०० सालच्या सरकारी मोजणीवहीत आहे, आणि त्या नावाचा रस्ता अजून लाकडी घरांमधून जातो. नदीकाठच्या टेकडीत वालुकाश्म खोदून काढल्याने झालेली भुयारे आहेत. काच करण्यासाठी पांढरी वाळू तिथून नेत, आता हिवाळ्यात वटवाघळे तिथे झोपायला येतात. मण्यांच्या गावाच्या पोटात काचेचीच वाळू निघावी, हा योग मला कोणी मुद्दाम जुळवल्यासारखा वाटतो, पण तसे काही नाही.

रात्री नकाशा उघडला, की आधी सबंध युरोपातले सर्वांत मोठे सरोवर दिसते आणि त्यावर ठळक अक्षरांत ‘लादोगा’ लिहिलेले असते. जुन्या बखरीत या सरोवराचे नाव ‘नेवो’ होते. लादोगा हे नाव त्याला पुढे या गावावरून पडले. नकाशा मोठा करीत गेले की गाव दिसते, आणि गावाला ते नाव ज्या ओढ्यावरून पडले, तो आणखी मोठा केल्यावर किल्ल्याच्या पायथ्याशी केसाएवढ्या निळ्या रेघेत सापडतो. मूळ नावाचा धनी तोच. पण एवढे मोठे सरोवर त्याच नावाचे झाल्यावर ओढ्याला ते पेलवेना, म्हणून रशियन लोकांनी, घरातल्या शेंडेफळाला हाक मारावी तसे, त्याचे लाडके नाव करून टाकले आहे: लादोझ्का.