धरण किती टक्के, तिथं घाट

बहिणीचं सासर नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या पाण्याच्या पलीकडं, शेवगाव तालुक्यात. आम्ही गंगापूरकडचे. सकाळी हवा स्वच्छ असली की तिच्या गावच्या देवळाचा कळस आमच्या बांधावरून दिसतो, पण मोटरसायकलनं जायचं तर कायगाव टोक्याच्या पुलाचा वळसा. यंदा वैशाखात भाच्याचं जावळ होतं. दाजी फोनवर म्हणाले, "नावेनं या की, गाडीसकट. पैसे बी लागत नाहीत."

घाट कुठं, विचारलं तर उलट मलाच, "धरण किती टक्क्यांवर हाये ते बघा आधी."

चेष्टा वाटली, पण खरंच होतं. धरण पूर्ण भरलं, म्हणजे पाणी १५२२ फुटांवर गेलं, की नाव वस्तीला येऊन लागते. उन्हाळ्यात पाणी मागं हटतं तसा घाटही त्याच्या मागं जातो. मला गाळपेऱ्यातून, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पेरलेल्या रानातून, टरबुजाच्या वेलांच्या कडेकडेनं गाडी ढकलत न्यावी लागली. चाक दोनदा रुतलं.

नाव म्हणजे दोन होड्या जोडून वर ठोकलेल्या फळ्या, मागं डिझेल इंजिन. नावाडी मामांनी आधी पेट्रोलचा कॉक बंद करायला लावला. मी सवयीनं गाडी मधल्या स्टँडवर चढवली, तर ओरडले, "काहून? लाट आली की आडवी होईल ना! साध्या स्टँडवर घ्या, गिअरात टाका अन् हँडल धरून उभं राहा." सात माणसं, दोन गाड्या, एक शेळी, आणि बुडलंच तर ट्रकच्या टायरची एकच ट्यूब. फुकटच्या नावेला नावं ठेवू नयेत, पण ट्यूब मी मोजली.

मध्यावर मामा पाण्याकडं बोट दाखवून म्हणाले, "हितं खाली आमची बारव." धरण १९७६ साली झालं, मामांनी ती बारव पाहिलेली नाही. त्यांच्या आजीनं दाखवलेली खूण तेवढी ते चालवतात.

उतरताना पन्नासची नोट काढली. घेतली नाही. "तुमच्या दाजींकडनं सुगीला बाजरी येती." म्हणजे फुकट फक्त पाहुण्यांना.

जेवण उरकून तीनला परत आलो तर मामा बाभळीखाली आडवे. वारं सुटलं होतं, पाण्यावर फेस दिसत होता. "आता सकाळीच," एवढंच बोलून त्यांनी कूस बदलली. मग काय, कायगाव टोकं. बहिणीनं दिलेला मटणाचा डबा गतिरोधकावर उघडला आणि रस्सा सगळा सीटवर.