वृंदावनाच्या दिव्याचा न्यूट्रल

चिपळूणजवळच्या एका गावातलं जांभ्याचं जुनं घर. जुलै महिना, चार दिवस पाऊस उघडला नव्हता. काकांनी मला बोलावलं होतं ते माजघरात पंखा लावायला. मेन बंद करायला म्हणून डीबीचं, म्हणजे घरभर लाइन वाटणाऱ्या पेटीचं, झाकण काढलं, तर आरसीसीबीच्या (करंट जमिनीत गळला की पडून वीज तोडणारी डबी) वरच्या टर्मिनलपासून खालच्या टर्मिनलपर्यंत लाल-काळ्या वायरचे दोन तुकडे सरळ जोडलेले. डबी जागेवर होती, पण घराला तिचा उपयोग शून्य.

"काका, हे कधी केलं?"

"झाले आठ दिवस. सारखा पडायचा रे तो. आधीच्या वायरमनने जोडून दिलं, तेव्हापासून त्रास नाही बघ."

पंखा तसाच खोक्यात राहिला. आधी सगळं विचारून घेतलं. गेल्या पावसाळ्यापासूनचं दुखणं. उन्हाळ्यात काही नाही, पाऊस लागला की आरसीसीबी पडायचा, आणि पडायचा तो बहुतेक सकाळी गीझर लावल्यावर. म्हणून गीझर नवा आणला. तरी पडला. मग आरसीसीबी नवा बसवला. तोही पडला. एकेक लाइनचा एमसीबी (जादा करंटला पडणारा स्विच) बंद करूनही पाहिलं होतं; बाकी सगळे बंद, फक्त गीझरचा चालू, तरी पडतोच. मग दोष गीझरच्या लाइनचाच, असं सगळ्यांनी धरलं.

इथेच फसायला होतं. घरातला साधा सिंगल पोल एमसीबी फक्त फेज, म्हणजे वीज आणणारी वायर, तोडतो. न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी वायर, तोडत नाही. सगळ्या खोल्यांचे न्यूट्रल एकाच लिंकवर (डीबीतली सामायिक पट्टी), आणि त्यातला एखादा कुठेतरी अर्थला टेकला असेल, तर तुम्ही त्या लाइनचा एमसीबी कितीही बंद करा, दोष जोडलेलाच राहतो. मग गीझरचा नऊ अँपियर करंट परत जाताना त्यातला थोडा आरसीसीबीतून न जाता जमिनीतून जातो. गेलेला आणि आलेला करंट जुळत नाही, आणि डबी पडते. गीझर बिचारा धडधाकट असतो.

तुकडे काढले. मेन बंद, उपकरणांच्या पिना काढल्या, लिंकवरचे सातही न्यूट्रल सुटे केले आणि एकेक मेगरला (वायरीचं इन्सुलेशन तपासणारं मीटर) लावला, पाचशे व्होल्टवर. सहा वायरी पन्नास मेगओमच्या वर, म्हणजे चांगल्या. सातवीला काटा शून्यावरच. मल्टीमीटरने अर्थपर्यंत मोजलं, पंचेचाळीस ओम.

"काका, ही वायर कुठे जाते?"

काकांना आठवेना. स्वयंपाकघरातून काकूच म्हणाल्या, "ती तुळशीकडची असेल."

खळ्यात वृंदावनाजवळ लोखंडी खांबावर एक बल्ब. पायथ्याशी चिखल उकरला, तर वीतभर खाली पीव्हीसी पाइप फुटलेला, आत पाणी, आणि त्या पाण्यात जोड. काळी टेप हाताने सोलली तशी गळून आली. न्यूट्रल आणि अर्थ दोन्हींच्या तारा हिरव्या पडून एकमेकींना चिकटलेल्या. फेजचा जोडही तिथेच, बोटभर अंतरावर.

खात्रीसाठी ती वायर सुटी ठेवून मेन चालू केला आणि आरसीसीबीच्या वर न्यूट्रल-अर्थ मोजलं. गीझर बंद असताना अर्धा व्होल्ट, लावल्यावर सहा. पंचेचाळीस ओममधून अर्ध्या व्होल्टला अकरा मिलीअँपियर, सहाला एकशे तीस. डबी तीस मिलीअँपियरची. वर्षभराचं कोडं त्या दोन आकड्यांत बसलं. गीझर अर्धा तास चालला, डबी हलली नाही.

मला मात्र तो फेजचा जोड दिसत राहिला. तोही तसाच अर्थला लागला असता, तर पाच अँपियर जमिनीत गेले असते, आणि त्या लाइनचा सहाचा एमसीबी त्याला पडत नाही. पडली असती ती फक्त आरसीसीबी, जी आठ दिवस जागेवर असून नव्हती. आणि काकू रोज तिन्हीसांजेला दिव्याचं बटण दाबून अनवाणी तुळशीपाशी जातात. मी काकांना हे सांगितलं. ते काही बोलले नाहीत, खळ्यात जाऊन त्या खड्ड्याकडे बघत उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी आर्मर्ड, म्हणजे धातूच्या कवचाची, केबल आणली. मध्ये एकही जोड न देता डीबीपासून थेट खांबापर्यंत नेली, टर्मिनल बॉक्स जमिनीपासून कमरेइतका वर, आणि दिव्याला फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा डबल पोल एमसीबी. काकूंना डीबीपाशी बोलावून आरसीसीबीचं टेस्ट बटण त्यांच्याच हाताने दाबायला लावलं. टक्. घर अंधारलं.

"आता पडली तर पडू दे," त्या म्हणाल्या, "मी तुलाच बोलावीन."

पंखा संध्याकाळी लावला.