चवथीच्या तोंडावर रक्तदात्यांची यादी

श्रावण संपत आला. पाऊस मधेमधे उघडीप देतोय, आणि डेंग्यूच्या डासाला नेमकं हेच हवं असतं. फोनवर पुन्हा ते मेसेज सुरू झालेत: "अर्जंट, बी पॉझिटिव्ह प्लेटलेट हव्यात, कृपया पुढे पाठवा." इस्पितळ कुठलं ते लिहिलेलं नाही, तारीखही नाही. तरी लोक मनापासून पुढे पाठवतात. गोव्यात संकटाला धावून येणाऱ्यांची वानवा नाही, हे कोविडच्या दिवसांत वाड्यावाड्यावर दिसलं. पण रक्ताचं सगळं गणित वेळेचं असतं आणि या धावून येण्याला वेळापत्रक नसतं. म्हणून चवथीआधी, म्हणजे गणेश चतुर्थीआधी, रक्तदात्यांची यादी कशी करावी ते लिहून ठेवायचं आहे.

१५ ऑगस्टला जागोजागी शिबिरं होतात. त्या रक्तातल्या लाल पेशी थंड ठेवून ३५ ते ४२ दिवस टिकतात. प्लेटलेटचं, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या बारीक पेशींचं, तसं नाही. त्यांना २० ते २४ अंश तापमान लागतं, पिशवी यंत्रावर सारखी हलती ठेवावी लागते, आणि इतकं करूनही त्या ५ दिवसांतच बाद होतात. म्हणजे स्वातंत्र्यदिनाला दिलेल्या प्लेटलेट २० तारखेपुढे नाहीत. मग चवथ येते. कॉलेजं बंद, कचेऱ्या बंद, पणजी-म्हापशातली माणसं मूळ घरी गेलेली. तापाचे रुग्ण मात्र इस्पितळात असतातच. एकाच दिवशी दोनशे दाते गोळा करण्यापेक्षा तेच दाते दहा आठवड्यांत विभागले तर कितीतरी जास्त उपयोग होईल, असं माझं ठाम मत आहे.

रात्री दहाला वीस मित्र घेऊन रक्तपेढीत जाणाऱ्यांची तळमळ खरी असते. पण त्यांचं रक्त त्या रात्री त्याच रुग्णाला मिळत नाही. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, सिफिलिस आणि मलेरिया या पाच गोष्टींसाठी तपासणी होते. प्लेटलेट वेगळ्या करायच्या तर रक्त घेतल्यापासून सहा तासांच्या आत यंत्रात जावं लागतं, आणि तोवर ते बर्फात ठेवायचं नसतं. त्या रात्री रुग्णाला चढते ती दुसऱ्या कोणीतरी आधीच देऊन ठेवलेली पिशवी.

आणखी एक गोष्ट उघड बोलली जात नाही. नातेवाईक आणि शेजारी बघत असताना माणूस प्रश्नावलीत खरं लिहायला कचरतो. आजार लपवतो, घेतलेलं औषध लपवतो. संसर्ग अगदी ताजा असेल तर तो तपासणीतही सापडत नाही. म्हणून दडपणाखाली दिलेल्या रक्तापेक्षा आपणहून, सवडीने दिलेलं रक्त जास्त सुरक्षित. दात्याला डॉक्टरांसमोर एकटंच बसू द्यावं, सोबत्यांनी बाहेर थांबावं.

२०२१ च्या उन्हाळ्यात या उत्साहाची दिशा कशी चुकते ते दिसलं. कोविडमधून बरे झालेले लोक कोविडच्या रुग्णांसाठी प्लाझ्मा (रक्तातला पेशींशिवायचा द्रव भाग) द्यायला रांगेत उभे होते. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) ३९ इस्पितळांतल्या ४६४ रुग्णांवरच्या चाचणीत त्याचा फायदा आधीच दिसला नव्हता, तरी मागणी थांबेना. शेवटी मे २०२१ मध्ये प्लाझ्मा कोविडच्या सरकारी उपचारांमधून वगळला गेला. साध्या रक्ताची मात्र तेव्हाच ओढाताण होती. शिबिरं बंद होती, आणि लस घेतल्यावर सुरुवातीला २८ दिवस रक्त देता येत नव्हतं. मग ती मुदत १४ दिवसांवर आली. १ मेपासून अठरा वर्षांवरच्यांना लस खुली झाली, म्हणजे कॉलेजातले नेहमीचे दातेही काही दिवस बाजूला गेले. लस घ्यायच्या आदल्या आठवड्यात रक्त देऊन या, एवढं सांगणारा कोणीतरी हवा होता.

यादीबद्दल. नाव आणि रक्तगट एवढ्यावर भागत नाही. वजन हवं (३५० मिलिलिटरसाठी किमान ४५ किलो, ४५० साठी ५५ च्या वर), मागच्या वेळी रक्त कधी दिलं ती तारीख हवी (पुरुषांना ९० दिवसांचं अंतर, बायकांना १२०), डेंग्यू झाला होता का (बरं झाल्यावर सहा महिने थांबायचं), स्वतःची गाडी आहे का, रात्री फोन केला तर चालेल का. वाळपईच्या माणसाला बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) यायचं तर एका बाजूला तासाहून जास्त लागतो. हे न बघता फोन केला की दोघांचाही वेळ जातो.

यंत्रावर प्लेटलेट देणाऱ्यांची नावं वेगळी लिहावीत. हे यंत्र रक्तातल्या फक्त प्लेटलेट काढून घेतं आणि बाकीचं रक्त दात्याला परत देतं. त्यांचं वजन ५० किलोच्या वर, दंडाची शीर ठसठशीत, स्वतःच्या प्लेटलेट दीड लाखाच्या वर, आणि तीन दिवसांत अ‍ॅस्पिरिन घेतलेलं नसावं. तास-दीड तास खुर्चीत बसावं लागतं. रक्त गोठू नये म्हणून यंत्रात जे औषध वापरतात, त्याने शरीरातलं कॅल्शियम थोडं कमी होऊन ओठांना मुंग्या येतात. घाबरायचं नाही, नर्सला लगेच सांगायचं; ती वेग कमी करते, कॅल्शियमची गोळी देते. गप्प बसून सोसलं तर त्रास वाढतो.

मेसेज असा असावा: "बांबोळी, गोमेकॉ रक्तपेढी. ए पॉझिटिव्ह, यंत्रावर प्लेटलेट, १ दाता. बुधवार सकाळी ९. बुधवार संपला की मेसेज संपला." रुग्णाचं नाव आणि फोटो नको. एक दाता हवा तर एकाला बोलवावं, एकाला राखीव ठेवावं, आणि काम झालं की "मिळाला" असं त्याच गटात लिहावं. हे शेवटचं राहिलं की मेसेज वर्षभर फिरतो आणि पुढच्या खऱ्या हाकेला कोणी उठत नाही.

शिबिरात हिमोग्लोबिन बघताना बोटातल्या रक्ताचा थेंब निळ्या द्रावणात सोडतात. ते मोरचूद, सुपारीवर मारायच्या बोर्डो मिश्रणातलंच. थेंब पंधरा सेकंदांत तळाला गेला तर १२.५ च्या वर, तरंगत राहिला तर नाही. बायका इथेच सर्वात जास्त परत जातात, आणि "तुमचं चालत नाही" एवढंच ऐकून गेलेली बाई पुन्हा येत नाही. तिला आरोग्य केंद्रात तपासणीला पाठवावं. लोहाच्या गोळ्या मिळाल्या तर चहाबरोबर घेऊ नयेत, लिंबाच्या पाण्याबरोबर घ्याव्यात हेही सांगावं. आणि त्याच दिवशी तिला यादीचं काम द्यावं. फोन लावणं, गाडी जुळवणं, तारखा बघणं याला हिमोग्लोबिन लागत नाही, आणि माणसं खरी कमी पडतात ती याच कामाला.

श्रावणी सोमवारी शिबिर ठेवू नये. उपाशी पोटी रक्त दिलं की घेरी येते. आधी नाश्ता, अर्धा लिटर पाणी, नंतर पंधरा मिनिटं आडवं, आणि स्कूटरला लगेच हात नाही.

डेंग्यूत प्लेटलेटचा आकडा बघून घाबरणाऱ्यांसाठी: रक्तस्राव नसेल तर साधारण दहा हजारांच्या खाली गेल्यावरच चढवायचा विचार होतो. जास्त धोका असतो ताप उतरल्यानंतरच्या एक-दोन दिवसांत, रक्तातलं पाणी शिरांबाहेर झिरपतं तेव्हा. पोटात जोराची कळ, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा सुस्ती दिसली की थेट इस्पितळ. शेजाऱ्याला मदत करायची तर त्याने किती पाणी घेतलं आणि लघवी किती वेळा झाली ते कागदावर लिहा. तापाला फक्त पॅरासिटामॉल.

आता चवथीचं. यादीत प्रत्येकापुढे घरचा गणपती किती दिवसांचा ते लिहायचं. दीड दिवसवाले तिसऱ्या दिवसापासून मोकळे, पाच दिवसवाले सहाव्या. पहिल्या दोन दिवसांसाठी ख्रिस्ती आणि मुसलमान शेजाऱ्यांची नावं आधीच विचारून ठेवावीत. नाताळात उलट करता येतं. आणि सणाआधी रक्तपेढीला फोन करून विचारायचं, कुठल्या दिवशी कुठल्या गटाचे किती हवेत. रक्तपेढी सांगेल त्याच तारखा यादीत पेन्सिलने घालायच्या, कारण तारखा बदलतात.