‘चावत तर नाही ना?’

घरून शेल्टरमध्ये, म्हणजे प्राण्यांच्या निवाऱ्यात, आलेल्या कुत्र्याचा स्वभाव कसा ओळखायचा आणि त्याला नवं घर कसं मिळवून द्यायचं, असं तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगतोय. कुणी घरचा कुत्रा शेल्टरमध्ये आणून सोडला आणि आम्ही त्याचा फोटो टाकला की फोनवरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: “स्वभाव कसा आहे हो त्याचा? चावत तर नाही ना?” प्रश्न रास्त आहे. घरात चार वर्षांचं पोर किंवा सत्तरीची आई असेल तर तो विचारायलाच हवा. पण एका शब्दात उत्तर मागितलंत तर फसाल. “एकदम शांत आहे” असं आम्हालाही म्हणता येईल. भिंतीकडे तोंड करून तीन दिवस पडून राहिलेला कुत्रा शांतच दिसतो.

रस्त्यावरून उचललेल्या कुत्र्यापेक्षा घरून आलेल्याला शेल्टर जास्त जड जातं. त्याला पंखा, सोफ्याची कड, संध्याकाळी सातची पोळी यांची सवय असते. इथे सिमेंटची फरशी आणि चहूबाजूंनी भुंकणं. फक्त गवतावर जायची सवय असलेला कुत्रा बारा-बारा तास लघवी धरून ठेवतो. पोट बिघडतं, अन्न बदललं म्हणून आणि धास्तीनंही.

समजा, सहा वर्षांचा लॅब्रॅडॉर आहे. पहिल्या दिवशी भांडं समोर ठेवलं तरी तो बघत नाही. कान मागे, तोंड घट्ट मिटलेलं, मधूनच जिभेचं टोक नाकाला लागून आत जातं. जांभई देतो, ती झोपेची नसते. तुम्ही वाकलात तर मान दुसरीकडे वळवतो, पण डोळे तुमच्यावरच. बुबुळाच्या कडेला पांढऱ्याची कोर दिसते. हा कुत्रा “जवळ येऊ नका” असं सांगतोय, आणि नेमक्या याच वेळी लोक “अरे बिचारा” म्हणत त्याच्या डोक्यावर हात ठेवायला जातात. चौथ्या-पाचव्या दिवशी कधीतरी तो उठतो आणि नाकापासून शेपटीपर्यंत अंग झटकतो. कोरडाच असतो, तरी पाण्यातून निघाल्यासारखा. तिथून पुढे स्वभावाच्या नोंदी ठेवायला सुरुवात करायची. त्याआधी जे दिसतं ते धक्क्याचं रूप असतं.

आता जुन्या मालकाकडून माहिती घेणं. आमचा एकच हट्ट असतो: विशेषणं नकोत, क्रियापदं सांगा. “खूप प्रेमळ, फक्त थोडा पझेसिव्ह” यातून काहीच कळत नाही. म्हणजे काय करतो? सोफ्यावरून उठवलं की गुरगुरतो का? हाड तोंडात असताना जवळ गेलं तर अंग आखडतो का? कामाच्या मावशी आल्यावर त्याला कोंडून ठेवावं लागतं का? किती तास एकटा राहिलाय? नखं कोण कापतं, आणि तेव्हा तो काय करतो? लिफ्ट, स्कूटर, फटाके, हेल्मेट घातलेला डिलिव्हरीवाला? कुठल्या भाषेतल्या आज्ञा कळतात? हे शेवटचं हसण्यावारी नेऊ नका. घरात सगळे मराठी बोलतात आणि कुत्र्याशी मात्र इंग्रजीत, हा आपल्याकडचा रिवाजच आहे. नव्या घरात “बस, बस” म्हणून ओरडत राहिलात आणि त्याला ‘सिट’ एवढंच ठाऊक असेल तर हट्टी कोण?

अर्जावर कारण बहुधा ‘बदली’ असं असतं. खरं कारण दुसऱ्या-तिसऱ्या बोलण्यात निघतं: बाळ झालं, आजोबा गेले आणि फिरवणारं कुणी उरलं नाही, पाहुण्याला दात लागला. त्यावर प्रवचन देऊ नये, असं आमचं ठाम मत आहे. पाळीव प्राण्याला वाऱ्यावर सोडणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे, पण पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. इतक्या दंडाला कोण भितो? निदान दारापर्यंत आणून देणाऱ्या माणसाला झापलं तर पुढचा माणूस कुत्रा घाटात सोडून येईल, आणि समोरचा माणूस कुत्रा चावल्याची गोष्ट लपवेल. ती तर सगळ्यात महत्त्वाची.

कारण ‘चावला’ या एका शब्दात फार वेगवेगळ्या गोष्टी बसतात. इयन डनबार या पशुवैद्यकांची सहा पायऱ्यांची मोजपट्टी आहे. पहिलीत कुत्रा अंगावर येतो, पण दात लागत नाहीत. दुसरीत दात लागतात, त्वचेला भोक पडत नाही. तिसरीत एकाच चाव्याच्या एक ते चार खुणा, पण सुळ्याच्या निम्म्या लांबीपेक्षा उथळ. चौथीत त्याहून खोल, पाचवीत असे अनेक चावे, सहावीत मृत्यू. पहिल्या दोन पायऱ्यांवरचा कुत्रा योग्य घरात, नियम पाळले तर सुखानं राहतो. तिसरीला अनुभवी माणूस आणि मुसक्याची सवय हवी. चौथीपासून पुढचा कुत्रा सर्वसाधारण घरात देऊ नये, फोटो कितीही गोड असला तरी. आणि खरचटलं असलं तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं, कुत्र्याचं लसीकरण झालेलं असो वा नसो.

गुरगुरणं मात्र दोष समजू नका. ती ताकीद आहे. मारून मारून गुरगुरणं बंद केलेला कुत्रा पुढे ताकीद न देता चावतो.

जेवणाच्या भांड्याबद्दलही बोलायला हवं. पूर्वी परदेशातल्या अनेक शेल्टरांत काठीला लावलेला रबरी हात भांड्यात घालून कुत्र्याची परीक्षा घेत, आणि नापास झालेल्यांचं पुढे भलं होत नसे. गॅरी पॅट्रोनेक आणि जॅनिस ब्रॅडली या संशोधकांनी २०१६ मध्ये हिशेब मांडून दाखवलं की शेल्टरमधल्या अशा चिथावणाऱ्या परीक्षांवरून पुढचं वागणं सांगणं नाणं उडवण्याइतकंच बेभरवशाचं आहे. आपल्याकडे तोच प्रकार ‘ताटात हात घालून सवय लावा’ या सल्ल्यातून चालू असतो. त्यातून कुत्रा एवढंच शिकतो की हात आला म्हणजे अन्न जाणार. उलट करा. आठ-दहा फुटांवरून चालत जाताना भांड्याच्या दिशेनं उकडलेल्या चिकनचा तुकडा टाका आणि न थांबता पुढे जा. मान वर करून तो तुमची वाट बघू लागला की एक पाऊल जवळ. घाई केली की परत पहिल्यापासून.

वैद्यकीय तपासणी स्वभावाच्या निकालाआधी हवी. ‘अचानक चिडका झाला’ अशी तक्रार घेऊन आलेल्या कुत्र्याच्या कानात पू असू शकतो, दाढ किडलेली असू शकते. लॅब्रॅडॉर आणि जर्मन शेफर्डमध्ये खुब्याचा सांधा आधी पाहावा. मागून हात लावला की दुखतं, म्हणून तो फिरून दात दाखवतो. रक्ततपासणीत प्लेटलेट कमी दिसल्या तर गोचिडांचा ताप तपासा, पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर तर नक्कीच. रेबीजची लस, बाकीच्या लसी, जंताचं औषध, आणि घरी देण्याआधी नसबंदी. वयस्क मादीच्या बाबतीत टाळाटाळ नको, गर्भाशयात पू झाला तर जिवावर बेततं. नसबंदीचा आणखी एक फायदा आहे. “पेपर (वंशावळीचे कागद) आहेत का? मादी आहे का?” एवढंच विचारणारे फोन आपोआप गळतात. त्यांना कुत्री नको असते, पिल्लांचा धंदा हवा असतो.

घर शोधताना फोटो कुत्र्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून, उजेडात, पिंजऱ्याबाहेर काढा. सोबत अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ, शेजारून स्कूटर जाताना तो पट्ट्यावर कसा चालतो याचा. मजकूर नमुन्यादाखल असा: “नर, वय ६, वजन ३४ किलो, नसबंदी झालेली. चार तास एकटा राहतो. त्यापुढे दार ओरबाडतो. जेवताना जवळ गेलं की गुरगुरतो, आजवर दात लावलेला नाही. मांजराच्या मागे धावतो. लिफ्टमध्ये निवांत, गाडीत उलटी करतो. दहा वर्षांखालची मुलं असलेल्या घरी देणार नाही.” अशा मजकुराला फोन कमी येतात, पण येतात ते कामाचे. ‘कृपया शेअर करा, उद्या रस्त्यावर जाईल’ या रडगाण्याला शंभर फोन येतात आणि रविवारी भेटायला कुणीच येत नाही.

भेटीला घरातले सगळे हवेत, विशेषतः सकाळी सहाला फिरवणारा. “मुलाला हवाय” म्हणणाऱ्या घरात फिरवणार कोण, हे त्या मुलाच्या आईकडे बघून कळतं. भाड्याचं घर असेल तर मालकाची परवानगी लेखी घ्या. सोसायटी बहुमतानं ठराव करून कुत्र्यावर बंदी घालू शकत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. तरी सेक्रेटरीशी आधी बोललेलं बरं. घरात आधीचा कुत्रा असेल तर दोघांची भेट दारात नको. मोकळ्या रस्त्यावर दहा-पंधरा फूट अंतर ठेवून एकाच दिशेनं वीस मिनिटं चालवा, अंतर हळूहळू कमी करा. आणि पहिले पंधरा दिवस चाचणीचेच धरा. लेखी करारात एक ओळ हवीच: जमलं नाही तर कुत्रा इथेच परत येईल, तिसऱ्याला दिला जाणार नाही. परत आलेला कुत्रा घरात कसा वागतो याची खरी माहिती घेऊन येतो, त्यामुळे आम्ही परत करणाऱ्यावर राग धरत नाही.

नेताना गळ्यात पट्टा, अंगात हार्नेस (छातीभोवती बसणारा पट्टा), आणि दोन्हींना वेगळी दोरी. गाडीचं दार उघडलं की उडी मारून पळणं हा पहिल्या आठवड्यातला सगळ्यात मोठा धोका, आणि त्याला अजून तुमचं घर ठाऊक नसतं. म्हणून दिवाळीच्या आठवड्यात कुत्रा द्यायचाच नाही. घरी गेल्यावर लगेच आंघोळ नको, नातेवाइकांचा मेळावा नको. शेल्टरमधलंच अन्न काही दिवस चालू ठेवा, मग आठवडाभरात दर दोन दिवसांनी पाव हिस्सा नवं वाढवत न्या. नाव बदलू नका. एकटं ठेवण्याची सवय दोन मिनिटांपासून लावा आणि मोबाइल घरात रेकॉर्डिंगवर ठेवून जा. भीती बहुधा पहिल्या अर्ध्या तासात दिसते: लाळ, दारापाशी येरझारा, रडणं. दोन तास झोपून मग चप्पल चावणारा कुत्रा नुसता कंटाळलेला असतो. त्याला चावायला काहीतरी द्या.

तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा ठोकताळा आमच्याकडे सगळे वापरतात: धक्का ओसरायला, घराची वेळापत्रकं कळायला, आणि घर आपलं वाटायला. त्यातल्या तिसऱ्या आठवड्यात फोन येतो. “आधी इतका शांत होता, आता बेल वाजली की घर डोक्यावर घेतो. बिघडला का?” बिघडला नाही. हे दार राखायचं आहे, असं आता त्याला वाटू लागलंय. दाराजवळ खाऊचा डबा ठेवा. बेल वाजली की पाच-सहा तुकडे त्याच्या चटईवर टाका आणि मगच दार उघडा. सरावासाठी घरातल्याच कुणाला तरी बाहेर उभं करून दिवसातून पाच-सहा वेळा बेल वाजवायला लावा. शेजाऱ्यांना तेवढी आधी कल्पना द्या.