माझ्या उंचीचा ट्रायपॉड

पक्षी-प्राणी टिपायच्या मोठ्या लेन्ससाठी ट्रायपॉड बघायला गेलं की दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला: "मॅडम, लोड कपॅसिटी किती हवी?" माझी ५०० एमएम एफ/४ लेन्स ३ किलो १९० ग्रॅमची, बॉडीसकट चार किलोच्या वर. एवढं वजन कुठलाही बरा ट्रायपॉड उचलून धरतो. प्रश्न थरथरीचा आहे. आणि खोक्यावरचा तो आकडा प्रत्येक कंपनी आपापल्या हिशेबाने छापते, त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून काही कळत नाही.

मी दुकानात लेन्स घेऊनच जाते. लाइव्ह व्ह्यू, म्हणजे कॅमेऱ्याच्या पडद्यावरचं चित्र, दहापट मोठा करायचा, समोरच्या इमारतीवरच्या पाटीचं एखादं अक्षर पकडायचं आणि लेन्सच्या टोकाला टिचकी मारायची. अक्षर पटकन स्थिर झालं तर बोलणी पुढे. डुलतच राहिलं तर खोक्यावर पंचवीस किलो लिहिलेलं असलं तरी नमस्कार करून निघायचं.

उंचीबद्दलचे बहुतेक सल्ले सहा फुटी पुरुषांनी दिलेले असतात. मी पाच फूट एक इंच, माळ्यावरचा डबा काढायला स्टूल लागणारी. माझे डोळे जमिनीपासून साधारण १४५ सेंटिमीटरवर. गिंबल (ट्रायपॉडच्या डोक्यावरचा, लेन्स झुलती धरणारा भाग) आणि कॅमेरा मिळून पंचवीसेक सेंटिमीटर जातात, म्हणजे पायांची उंची १२० पुरते. सिंहगडाच्या उतारावर खालच्या बाजूचा पाय लांब करावा लागतो, म्हणून वर थोडी शिल्लक. एवढ्यात पायांना तीन-तीन भाग असलेला, जाड नळ्यांचा कार्बन फायबरचा ट्रायपॉड बसतो. चौथा भाग म्हणजे आणखी एक बारीक नळी आणि आणखी एक सांधा, तो मला नकोच. सेंटर कॉलम, म्हणजे मधला वर-खाली होणारा दांडा, तोही नको. तो वर काढला की तीन भक्कम पायांवर एक काठी उभी राहते आणि तिच्या टोकावर आपण घरातली सगळ्यात महाग वस्तू ठेवतो.

हेडबाबत, म्हणजे ट्रायपॉडच्या डोक्यावर लेन्स धरणाऱ्या भागाबाबत, मी हट्टी आहे. गोळ्यावर फिरणाऱ्या बॉल हेडवर एवढी लेन्स ठेवून नॉब सैल केला की ती एका बाजूला कोसळते, बोट चिमटतं ते वेगळं. गिंबलमध्ये लेन्स तिच्या गुरुत्वमध्यातून जाणाऱ्या आसाभोवती फिरते, म्हणून सोडाल तिथे थांबते. पण तोल नीट साधलेला हवा, आणि तो हुड (लेन्सच्या तोंडावरचं आच्छादन) लावून, टेलिकन्व्हर्टर (लेन्सची पोच वाढवणारी जोडलेन्स) वापरणार असाल तर तोही लावूनच साधायचा. आधी लेन्सच्या पायाची प्लेट गिंबलच्या क्लॅम्पमध्ये मागेपुढे सरकवून लेन्स आडवी स्थिर करायची. मग नाक वर आणि खाली करून सोडून बघायची. आपोआप परत आडवी येत असेल तर वजन आसाच्या खाली आहे, लेन्स धरणारा गिंबलचा पाळणा थोडा वर घ्यायचा. कलंडत गेली तर उलट. प्लेटच्या दोन्ही टोकांचे सेफ्टी स्क्रू काढून ठेवू नका, क्लॅम्प सैल राहिला तर लेन्सला तेवढाच आधार असतो.

पुण्याजवळच्या कवडीपाटला नदी सुरय पक्षी पाण्यावरून सुसाट जातो तेव्हा या तोलाची किंमत कळते. दोन्ही नॉब जवळजवळ सैल, डावा हात लेन्सवर, कपाळ आयकपला, म्हणजे डोळा लावायच्या रबरी कडेला, घट्ट. गिंबलखालचा पाया मात्र समपातळीत हवा, नाहीतर पॅन करता करता, म्हणजे कॅमेरा आडवा फिरवताना, पाणी तिरकं होतं. मी लेव्हलिंग बेस (हेडखालची, समपातळीत आणता येणारी बैठक) वापरते, पायांशी झटापट करण्यापेक्षा ते बरं. पाण्यात उभं करायचं असेल तर सगळ्यात खालचा भाग आधी पूर्ण उघडायचा, म्हणजे त्याचं लॉक चिखलाच्या वर राहतं.

भिगवणच्या होडीत आणि ताडोबाच्या जिप्सीत यातलं काहीच नेत नाही. माणसं हलली की गाडी हलते, गाडीबरोबर ट्रायपॉडही. तिथे बीन बॅग, म्हणजे लेन्स टेकवायला दाण्यांनी भरलेली पिशवी. ती रिकामी न्यायची आणि गेटजवळच्या गावात किराण्यातून भरायची. मी मूग भरते. परत आल्यावर ते धुऊन, वाळवून उसळीला चालतात, हे घरात एकट्या मलाच मान्य आहे.