टोनीची रात्र न्यूयॉर्कला, जागरण सोलापुरात

टोनी अवॉर्ड्स म्हणजे न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरच्या नाटकांचा वर्षातला सगळ्यात मोठा सोहळा, १९४७ पासून चालू आहे. मी सोलापुरात बसून तो फॉलो करते म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, त्यातलं एक तरी नाटक बघितलंयस का? नाही बघितलं. पण मी हौशी नाटकांना म्युझिक ऑपरेट करते, हुतात्मा स्मृती मंदिरात तिसरी घंटा झाली की पोटात जे होतं ना, तसंच मला टोनीच्या आदल्या रात्री होतं, दरवर्षी.

२०२५ ची तयारी १ मेपासूनच चालू झाली. महाराष्ट्र दिनाची सुट्टी होती आणि आपल्याकडे संध्याकाळी नॉमिनेशन्स जाहीर झाली. तीन म्युझिकल्सना, म्हणजे गाण्या-नाचाच्या नाटकांना, प्रत्येकी १० नॉमिनेशन्स, त्यातली दोन मी लगेच मनात धरली, मेबी हॅपी एंडिंग आणि ब्युएना व्हिस्टा सोशल क्लब. मग महिनाभर हेडफोन लावून गाणी ऐकणं, मुलाखती वाचणं, सेटचे फोटो झूम करून बघणं. आमच्या ग्रुपमध्ये प्रत्येकाने आपापले अंदाज लिहून ठेवायचे असा नियमच आहे. अभिनयाच्या बक्षिसांवर सगळे तुटून पडतात आणि साऊंड डिझाइनच्या रकान्यापाशी आले की मला विचारतात, "सांग बे, इथं काय लिहू?"

त्या रकान्यासाठी मी एवढी जीव का टाकते ते सांगते. साऊंड डिझाइनला टोनी मिळायला लागला २००८ ला, आणि २०१४ मध्ये तो बंद करून टाकला! मतदारांना साऊंडमधलं नीट कळत नाही अशी कारणं तेव्हा चर्चेत होती. साऊंडवाल्यांनी निषेध केला, ऑनलाइन सह्या गोळा झाल्या, तरी तीन सोहळे त्या बक्षिसाशिवाय झाले आणि २०१८ ला ते परत आलं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला खूप लागलं होतं. कारण आपल्याकडेही नाटक संपल्यावर लोक विंगेत येतात, नटांना भेटतात, नेपथ्य छान होतं म्हणतात, पण त्या एका प्रवेशात पावसाचा आवाज किती हळू उचलला, कुठल्या शब्दावर तोडला, हे कुणाच्या लक्षात येत नाही. लक्षात येऊ नये इतकं ते नाटकात मुरलेलं असावं हेही खरंय, पण मग त्याला दाद द्यायची ती जाणकारांनीच द्यायची ना?

आता वेळेचं गणित. न्यूयॉर्कला रविवारी रात्री आठ म्हणजे आपल्याकडे सोमवारी पहाटे साडेपाच. पण प्रकाशयोजना, नेपथ्य, साऊंड असली बक्षिसं बहुतेक मुख्य कार्यक्रमाच्या आधीच्या भागात देतात, म्हणून मला चारलाच उठावं लागतं. आणि नेमकं त्या दिवशी नळाला पाणी यायची पाळी होती, त्यामुळे आई पण उठलेली, ती मोटार चालू करतीय आणि मी फोनवर दर दोन मिनिटाला पान रिफ्रेश करतीय. आमच्या टीव्हीवर सोहळा दिसत नाही, मग विजेत्यांची नावं येतील तशी वाचायची आणि ग्रुपवर टाकायची. ग्रुप जागाच होता, आमचे नेपथ्यवाले काकासुद्धा.

साऊंडचं बक्षीस म्युझिकलमध्ये जोनाथन डीन्सना, ब्युएना व्हिस्टासाठी! मी ओरडलेच, आई म्हणाली हळू, शेजारी झोपलेत. त्या नाटकात क्यूबन संगीत वाजवणाऱ्यांचा ताफा स्टेजवरच असतो. ट्रम्पेट आणि ताल एवढ्या जवळ वाजत असताना गाणाऱ्याचा शब्द मागच्या रांगेपर्यंत पोचवणं म्हणजे काय काम असेल ते मिक्सरवर बसणाऱ्यालाच विचारा. त्या वादकांना स्पेशल टोनी पण दिला, हे मला फार आवडलं.

बेस्ट म्युझिकल मात्र मेबी हॅपी एंडिंग, एकूण सहा बक्षिसं. सोलमध्ये राहणारे दोन जुने झालेले हेल्पर रोबो, त्यांची गोष्ट. हे आधी सोलमध्येच कोरियन भाषेत झालं, २०१६ ला, आणि तिथून ब्रॉडवेला गेलं. काकांनी लगेच लिहिलं, मग मराठीतनं का नाही जाणार? त्यावर सकाळी आठपर्यंत ग्रुपवर वाद चालू होता, कुणी म्हणे पैसा, कुणी म्हणे भाषांतर, माझं म्हणणं आधी आपल्या संहिता बाहेरच्या लोकांना वाचायला तरी मिळू देत.

नंतर दिवसभर ऑफिसमध्ये डोळे मिटत होते, पण डबा खाताना यूट्यूबवर आलेले परफॉर्मन्स एकेक करून बघितले. ब्युएना व्हिस्टाचा मी तीनदा लावला, दोनदा तर डोळे मिटून. कुणाला पुढच्या वर्षी सोबत जागायचं असेल तर नॉमिनेशन्सच्या आधीच सांगा, अंदाजाच्या यादीत नाव घालते, फक्त साऊंडचा रकाना स्वतः ऐकून भरायचा.